मागच्या पानांचं काय करायचं?

पत्र, थोडक्यात :

नागपुरातली एकतीस वर्षांची वाचक. एका खासगी कार्यालयात पगारपत्रकं आणि हिशेब सांभाळते. सव्वादोन वर्षांपूर्वी ती आणि तिचे सात-आठ मित्र रविवारी संध्याकाळी संविधान चौकात बसायला लागले. शहरात इतका पैसा दिसतो, उड्डाणपूल होतात, मेट्रो धावते, मग आमच्या घरात महिन्याची वीस तारीख उजाडली की हात का आखडतो, एवढंच विचारायचं होतं. नेता नाही, झेंडा नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाया आल्या, डिलिव्हरीची पोरं आली, कंत्राटी सफाई कामगार, हिंगण्याच्या कारखान्यांतून कमी केलेले कामगार, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी आले. पहिल्या हिवाळ्यात चारशेवर माणूस जमला. आता तीस जमतात.

त्या तिसांतही तीन तट. एकाला संस्था नोंदवून निधी मिळवायचा आहे, दुसऱ्याला मनपा निवडणूक लढवायची आहे, तिसऱ्याला हिवाळी अधिवेशनात बेमुदत उपोषणाला बसायचं आहे. जवळचा एक सहकारी म्हणतो, न्यूयॉर्कमध्ये विषमतेविरुद्धचं 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' आंदोलनही असंच विझलं होतं, आपलंही विझणार. तिचं त्याच्याशी बोलणं बंद आहे. घरचे म्हणतात, आता पुरे, लग्नाचं बघ. आणि गेल्या महिन्यात पहिल्या दिवसापासून येणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "पोरी, दोन वर्षं झाली येऊन बसतो. माह्या पगारात दहा रुपये तरी वाढले का?"

तिचे प्रश्न : संपलं असं जाहीर करून मोकळं व्हावं की ओढत राहावं? मी सोडलं तर पळपुटी ठरेन का? आणि ता. क. म्हणून एक ओळ : "सभांचं इतिवृत्त लिहायची वही माझ्याकडे आहे. मागच्या पानांवर लोक सांगायचे त्या अडचणी टिपत गेले, दीडशेच्या वर झाल्यात. त्यांचं काय करायचं कळत नाही."

उत्तर :

पत्रात ताई म्हटलंस, म्हणून एकेरीवर येते.

चार पानांचं पत्र तुझं. जवळजवळ सगळं 'आंदोलन टिकेल का' यावर, आणि वहीबद्दल शेवटी एक ओळ, विसरलेली पिशवी घ्यायला दारातून परत यावं तशी. मी ती ओळ तीनदा वाचली. तिच्याकडे येतेच, पण आधी तुझा तीसचा आकडा.

चारशेचे तीस झाले हे तू आजारपण सांगावं तसं सांगतेस. मला एक बारीक शंका आहे. रविवार संध्याकाळ कोणी ठरवली? तुम्ही सात-आठ जणांनी, म्हणजे ज्यांना रविवारी सुट्टी असते त्यांनी. भांडी घासणाऱ्या बाईचा रविवार म्हणजे मालकिणीकडे पाहुणे आणि दुप्पट भांडी. डिलिव्हरीच्या पोराची तर रविवारची संध्याकाळ हीच कमाईची वेळ; तो तीन तास तुमच्याजवळ बसला की त्या दिवसाचा इन्सेन्टिव्ह गेला. कळमन्याहून किंवा वाठोड्याहून यायचं तर जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. आणि मे महिन्यात आपल्या गावात संध्याकाळी सहालाही डांबरावर पाय ठेववत नाही. म्हणजे विषमतेविरुद्ध बसायची किंमतच सगळ्यांना सारखी पडत नव्हती. पगारदाराला ती फुकट होती, रोजंदारीवाल्याला एक दिवसाची मजुरी. पहिल्या हिवाळ्यात लोकांनी ती दिली. दर आठवड्याला कोण देईल? तू त्याला निरुत्साह म्हणतेस, मी परवडत नाही म्हणते.

उरलेले तीस कोण, हे तू लिहिलं नाहीस. एकदा नावं लिहून काढ. त्यात पगारी सुट्टीवाले किती आणि मावशींसारखे किती, हे पाहिल्याशिवाय आंदोलनाच्या तब्येतीबद्दल काही ठरवू नकोस.

गर्दी मोजायची सवय मलाही होती. नागपूरकराला ती असतेच. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात सरकार आपल्या दारी येतं आणि त्याच्यामागे राज्यभरातले मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमवरून कोणाचा मोर्चा किती मोठा निघाला, यावर चहाच्या टपरीवर पैजा लागलेल्या मी पाहिल्यात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा आला तेव्हा गर्दीला तोटा नव्हता. त्या संध्याकाळी चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. बाया होत्या, लेकरं होती. झिरो माइलजवळच्या स्मारकावरून तू रोज जात असशील. त्यांची मागणी अनुसूचित जमातींच्या यादीतल्या एका नोंदीबद्दल होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. इतकी माणसं, इतके जीव, आणि प्रश्न अजून त्या यादीतल्या 'गोंड गोवारी' या दोन शब्दांवर अडलेला. त्या दिवसानंतर 'किती आले होते' असं मी कोणाला विचारत नाही.

आता तुमची मागणी. पत्रासोबत निवेदनाची प्रत जोडलीस ते बरं केलं. त्यात लिहिलंय, 'आर्थिक विषमता दूर करावी.' खाली जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का, तारीख, 'प्राप्त'. बाई गं, जिल्हाधिकारी ते निवेदन कोणत्या टेबलाकडे पाठवणार? महसूल शाखेकडे? पुरवठा शाखेकडे? तुमच्या फलकावरचा आकडा खरा आहे. २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के आणि उत्पन्नापैकी २२.६ टक्के वाटा होता, असं वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासात आलंय. पण तो वाचून मावशींनी सोमवारी सकाळी कोणाचं दार ठोठवायचं?

तुम्ही बसता ती जागा बघ. एका बाजूला रिझर्व्ह बँक, समोर बाबासाहेबांचा पुतळा. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल ठेवतो आहोत : राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. हे वाक्य तुमच्या पत्रकात आहे. त्याच भाषणात, सनदशीर मार्ग खुले असताना रस्त्यावरचे मार्ग धरणं म्हणजे अराजकाचं व्याकरण, असंही ते म्हणाले होते. ते तुमच्या पत्रकात नाही. मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही. रस्त्यावर उतरल्याशिवाय सनदशीर खिडकी उघडतच नाही, असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालंय. पण खिडकी उघडल्यावर आत काय द्यायचं, तो कागद आपल्याकडे तयार हवा, एवढं त्यातून मी घेते.

मोठा अन्याय छोट्या कागदावर कसा उतरतो, हे तुझ्याच टेबलावर आहे. दर महिन्याला पगारपत्रक करताना तू ठरावीक मर्यादेवरच्या पगारातून माणशी २०० रुपये व्यवसाय कर कापतेस, फेब्रुवारीत ३००. तो कशासाठी सुरू झाला माहीत आहे? १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला, नालाबंडिंगला लाखो लोक. कामावर मजूर संघटित होत होते, मोर्चे निघत होते. त्यांनी 'गरिबी हटवा' एवढंच म्हटलं असतं तर भाषणं मिळाली असती. त्यांनी काम मागितलं, कामाचे पैसे वेळेवर मागितले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे आधीपासून रोजगार हमीची कल्पना मांडत होते. तिला या रेट्याचं बळ मिळालं. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावातल्या मजुराच्या कामासाठी पैसा काढायला. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ चा देशाचा कायदा त्याच्या मागून आला. त्या योजनेतले घोटाळे, खोटे मस्टर, सगळं मला ठाऊक आहे. तरी श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा नेणारी एक नळी इथल्या लोकांनी टाकून घेतली. तू दर महिन्याला तिचा कॉक फिरवतेस आणि मला विचारतेस, आंदोलनाने काय होतं!

वहीकडे येते. मागची पानं तू फोटो काढून पाठवलीस, नावं झाकून, हे फार चांगलं केलंस. मी दुपारभर वाचत बसले. 'सुट्टीचे चार दिवस कापले, पोरगं दवाखान्यात होतं.' 'आयडी बंद केला, कारण सांगत नाहीत.' 'ठेकेदार पीएफ कापतो पण पासबुकात जमा नाही.' 'पट्टा मिळणार म्हणून कागद दिले, तीन वर्षं झाली.' 'दिवाळीला साडी दिली आणि बोनस त्यातच धरला.' ही शेवटची नोंद वाचून मला हसूही आलं आणि रागही. तुमच्या भाषणांपेक्षा या पानांत विषमता स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक ओळीत पैसे कोणी दिले नाहीत ते लिहिलेलं आहे.

तेव्हा आंदोलनाचं भवितव्य ठरवायच्या आधी एक काम कर. दीडशे नोंदी घे आणि समस्या कोणती यावर वाटू नकोस. ती सोडवायचा अधिकार कोणाकडे आहे, यावर वाट. तुला खतावणी येते, हे जमेल. ठेकेदाराने पीएफ भरला नाही, या सगळ्या एका पानावर. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाला जबाबदार धरता येतं, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. म्हणजे आठ जणांची एकच तक्रार होते आणि तिचा पत्ताही सापडतो. घराच्या जागेच्या पट्ट्यांच्या नोंदी दुसऱ्या पानावर. तिथे आधी माहिती अधिकारात फाइल कुठे आहे ते विचारायचं, मग बोलायचं. घरकामाच्या बायांसाठी राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. तुमच्या चाळीस-पन्नास बायांपैकी नोंदणी किती जणींची आहे? बांधकाम मजुरांना त्यांच्या मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो मिळवण्यातच माणूस थकतो. तिथे तुमच्यातला एक विद्यार्थी सोबत गेला तर अर्धं काम होतं. डिलिव्हरीच्या पोरांचं अवघड आहे. त्यांचा मालक म्हणजे मोबाइलमधलं एक अॅप. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द आला, राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा हवा, ही मागणी मात्र खुशाल घेऊन अधिवेशनात जा. तिला विधिमंडळाचाच पत्ता आहे.

वाटून झाल्यावर काही नोंदी अशा उरतील की ज्या कुठल्याच पानावर बसत नाहीत. 'पोराची फी भरली की घरभाडं राहतं.' याला खिडकी नाही. ती ओळ पुसू नकोस. चौकात बसायचं ते त्या ओळीसाठी.

नावांबद्दल एक. ही वही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस, नावांसकट फोटो काढून कोणाला पाठवू नकोस. 'साडीत बोनस धरला' म्हणणाऱ्या बाईचं काम जायला एक फॉरवर्ड पुरतो. कोणाचीही तक्रार पुढे नेण्याआधी तिला विचार, आणि तिने नको म्हटलं तर नको.

तुझ्या त्या सहकाऱ्याचं न्यूयॉर्क. त्याने अर्धं सांगितलं. मॅनहॅटनमधल्या झुकोटी पार्कात लोक १७ सप्टेंबर २०११ ला बसले आणि १५ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी त्यांना उठवलं. दोन महिनेसुद्धा भरले नाहीत. तुमची सव्वादोन वर्षं झाली! लाउडस्पीकरची परवानगी नव्हती म्हणून एकाने वाक्य बोलायचं आणि भोवतालच्यांनी ते मोठ्याने म्हणायचं, अशा सभा चालायच्या. मागण्यांची यादी करायची की नाही यावरच वाद झाले. पार्क गेलं. पण पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं तेव्हा त्यांच्यातल्याच लोकांनी बुडालेल्या वस्त्यांत अन्न आणि ब्लँकेटं पोचवली, कारण एकमेकांचे फोन नंबर होते. काही जणांनी वर्गणी काढून लोकांची थकलेली दवाखान्याची कर्जं कवडीमोलाने विकत घेतली आणि रद्द करून टाकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहरातल्या फास्ट फूड कामगारांनी तासाला १५ डॉलरसाठी संप केला. तो पार्कवाल्यांनी केला असं म्हणणं खोटं होईल, त्यामागे कामगार संघटना होत्या. पण वरच्या एक टक्क्याविरुद्ध 'आम्ही ९९ टक्के' ही पार्कवाल्यांची घोषणा लोकांच्या तोंडात आधीच बसलेली होती. २०१६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने टप्प्याटप्प्याने १५ डॉलरचा कायदा केला. तेव्हा 'विझलं' म्हणणाऱ्या मित्राला विचार, काय विझलं? पार्क?

त्याचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे. सगळ्यांची संमती झाल्याशिवाय निर्णय नाही, या नियमाने तुमच्या बैठका कुजल्या. तो नियम तुम्ही न्यूयॉर्कचे व्हिडिओ बघून घेतलात. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावात तोच नियम कितीतरी वर्षांपासून आहे आणि तो चालला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं ते गाव. २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे सर्वसहमती टिकली याचं एक कारण मला फार मोलाचं वाटतं : त्यांनी अभ्यासगट वेगळा ठेवला आणि निर्णयाची सभा वेगळी. अभ्यासगटात कोणीही या, बाहेरचाही, वाद घाला, कायदा वाचा, निर्णय नाही. निर्णय ग्रामसभेत, ज्यांना तो निभवायचा आहे त्यांचा. तुमच्याकडे दोन्ही एकाच रविवारी, एकाच फुटपाथवर. म्हणून विद्यार्थी दोन तास बोलतात आणि मावशी घरी स्वयंपाक राहिला म्हणून उठून जातात, आणि मग 'सर्वानुमते' निर्णय होतो.

तीन तटांबद्दल फार लिहीत नाही, कारण वही वाटून झाली की त्यांतले दोन आपोआप लहान होतील.

संस्था : सात जणांत नोंदवता येते. आपल्या राज्यात सोसायटी म्हणून आणि सार्वजनिक न्यास म्हणूनही, म्हणजे दरवर्षी ऑडिट, आणि पदाधिकारी बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. तो अर्ज वादात अडकला की माणसं म्हातारी होतात. निधी आला की निधी देणाऱ्याचा विषय येतो, हेही लक्षात ठेव. तुमच्यात कामगारच जास्त असतील तर कामगार संघटना जवळची. तिलाही अर्जदार सात पुरतात, शिवाय ठरावीक सभासदसंख्या लागते. घरकामाच्या बायांची संघटना होऊच शकत नाही असं तुमच्या एका बैठकीत कोणीतरी म्हटल्याची नोंद वहीत आहे. त्याला सांग की हे याच शहरात डॉ. रूपा कुळकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना उभारून केव्हाच दाखवलंय. त्या विद्यापीठात संस्कृत शिकवत होत्या. आधी त्या कामातल्या जुन्या बायांना जाऊन भेटा, नवा बोर्ड रंगवायच्या आधी.

निवडणूक : मनपात ३८ प्रभाग, १५१ नगरसेवक. २०११ च्या जनगणनेने शहर चोवीस लाखांचं धरलं तरी एका प्रभागात साठ हजारांवर लोक. तीस माणसांत हे होत नाही, आणि पडल्यावर उरलेल्या तिसांतले वीस एकमेकांना दोष देतात. राजकारण वाईट म्हणून मी नको म्हणत नाही. वस्तीतल्या पंचवीस घरांचं काम करून दाखवल्याशिवाय मत मागायला जाऊ नये, इतकंच.

बेमुदत उपोषणाला मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. जीव पणाला लावायचा तर समोरच्याला नेमकं काय दिलं म्हणजे तो उठेल, हे माहीत हवं. 'विषमता दूर करा' म्हणून बसलेला माणूस कशाच्या बदल्यात लिंबूपाणी घेणार? अधिवेशनात जायचंच तर एका दिवसाचं धरणं धरा, पोलिस परवानगी लेखी काढा, आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पुढे उभं करू नका. गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीत त्यांचीच अडचण होते. हा धोका त्यांना आधी सांगायला हवा. तुमच्या इतिवृत्तात तो कुठेच दिसत नाही.

तू पळपुटी ठरशील का, हा प्रश्न. इथे मला माझं सांगावं लागेल. नव्वदच्या दशकात आम्ही सहा जणी वस्तीत रेशन आणि रॉकेलसाठी समिती चालवत होतो. दुकानदार वठणीवर आला, कार्डं झाली, काम चांगलं चाललं. मग थकलो आणि एक दिवस कोणी आलंच नाही. समिती बंद झाली असं कोणी कोणाला सांगितलं नाही. वर्गणीचे अकराशे चाळीस रुपये उरले होते, ते कोणाकडे होते यावर दोन घरांत चर्चा झाली, मग चारात. कोणीही खाल्ले नव्हते. एकीने बसभाड्याला दिले होते, दुसरीने झेरॉक्सला, लिहिलं कोणीच नव्हतं. त्यातली एक माझी शाळेपासूनची मैत्रीण. अकरा वर्षं ती माझ्या दारावरून मान वळवून गेली. तिच्या आईच्या तेराव्याला आम्ही पहिल्यांदा बोललो.

म्हणून सांगते, सोडायचं तर सोड, पण सांगून सोड. तारीख ठरव, आजपासून तीन महिन्यांनी म्हण. त्याआधी जमाखर्च कागदावर मांड, शेवटच्या दहा रुपयांच्या खडूपर्यंत, आणि सगळ्यांसमोर वाच. चौकात माईकची परवानगी, वस्तीतला संपर्क, वही, पैसे ही चार कामं आज एकटी तू करतेस, असं पत्रावरून दिसतं. ती चार जणांना दे. एक तरी त्या मावशींच्या वस्तीतल्या बाईकडे जायला हवं. पहिले सहा आठवडे ते तुझ्याइतकं नीट होणार नाही, तेव्हा मध्ये हात घालू नकोस. तुझ्या मनात कुठेतरी आहे की मी गेले तर हे कोसळेल. कोसळलं तर ते तुझ्या पळण्याने कोसळलं नाही, सव्वादोन वर्षं एका खांबावर उभं होतं म्हणून कोसळलं. हे ऐकायला कडू आहे, मला माहीत आहे.

लग्नाचं मी बोलणार नाही, तू विचारलं नाहीस. घरच्यांना इतकं मात्र सांग की बहुतेक रविवार आता मोकळे असतील. पुढच्या परिच्छेदात कारण येईल. मित्राशी बोलणं बंद आहे, त्याला फोन कर आणि न्यूयॉर्कवर वाद घालू नकोस. माहिती अधिकाराचे अर्ज तो चांगले लिहितो असं तूच लिहिलंस. पट्ट्यांचं पान त्याच्याकडे दे.

रविवारची सभा महिन्यातून एकदा करा, पहिल्या रविवारी. बाकीचे आठवडे वस्तीत जा, ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या सवडीने. घरकामाच्या बाया सकाळची कामं आटोपून दोनला घरी येतात आणि चारला पुन्हा निघतात. त्या दोन तासांत कोणी दळण आणतं, कोणी डोळा लावतं. त्यातला पाऊण तास मागायचा. तू नोकरी करतेस, तुला दुपारी जमणार नाही, म्हणजे जाणारी माणसं दुसरीच हवीत. खांब वाढायला लागतात ते असे. तू शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटतेस, तेवढी एक दुपार तुझी.

पहिली दुपार मावशींकडे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे, ते तसंच सांग. मग विचार, त्या कामाला जातात त्या इमारतीत आणखी किती जणी येतात, भांड्यांचे किती घेतात, झाडू-पोछ्याचे किती, शेवटचे कधी वाढले आणि सुट्ट्या किती मिळतात. माझा अंदाज, एकाच जिन्यात चार दर निघतील आणि चौघींना एकमेकींचा दर माहीत नसेल. वहीचं नवं पान काढ आणि चारही दर एकाखाली एक लिही, मावशींना दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत. पुढे काय करायचं ते त्यांना सुचेल. आणि जाताना अर्धा लिटर दूध घेऊन जा. चौघीजणी जमल्या तर चहाला त्यांचं दूध पुरायचं नाही.